फुटबॉलपटू मुलाला अकादमी, कॉलेज किंवा जाहिरातीचा प्रस्ताव आल्यास पालकांनी काय करावे

गेल्या मे महिन्यात नागपूरजवळच्या कामठीच्या मैदानावर सराव आटोपल्यानंतर एका सोळा वर्षांच्या खेळाडूचे वडील प्लास्टिकच्या फोल्डरमधून एक कागद काढून माझ्याकडे आले. पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर इंग्रजीत टंकलेला तो चार पानांचा करार होता. प्रत्येक पानावर जांभळा शिक्का उमटलेला होता, मुलाची सही झालेली होती आणि वडिलांच्या सहीची जागा तेवढी रिकामी होती. परगावच्या एका अकादमीने मुलाचा राहण्याचा, जेवणाचा आणि बुटांचा खर्च करण्याचे मान्य करून त्याला पाच वर्षांसाठी बांधून घेतले होते, आणि मध्येच सोडून गेल्यास तीन लाख रुपये भरावे लागतील, असे तिसऱ्या पानावर लिहिले होते. ‘सर, बॉन्ड आहे, दोन दिवसांत द्यायचा आहे,’ एवढेच ते म्हणाले.

नागपुरात अशी घाई आता नववी-दहावीतल्या मुलांच्या घरीही पोहोचली आहे. सुब्रतो मुखर्जी चषक या शालेय फुटबॉल स्पर्धेच्या जिल्हा आणि विभागीय फेऱ्यांत मुलगा चमकला की फोन सुरू होतात. कोणी अकादमीचे नाव सांगतो, कोणी अमेरिकेतल्या शिष्यवृत्तीचे, तर कोणी दुकानाच्या जाहिरातीचे. या तिन्ही प्रस्तावांच्या बाबतीत पालकांनी पाळायची पहिली गोष्ट एकच आहे : तोंडी होकार देऊ नये, लेखी मसुदा मागावा आणि तो वाचून घेण्यासाठी किमान पंधरा दिवसांची मुदत घ्यावी. पंधरा दिवस थांबायला जो तयार नाही, तो पाच वर्षे मुलाची नीट काळजी घेईल, असे मानायला मला आजवर एकही कारण सापडलेले नाही.

कागद हातात आल्यावर प्रथम मुलाचे वय आणि सह्यांची जागा पाहावी. भारतीय करार कायदा, १८७२ आणि सज्ञानतेचा १८७५ चा कायदा यांनुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती करार करण्यास पात्र नसते, आणि अशा व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने, १९०३ मध्ये मोहोरी बीबी खटल्यात स्पष्ट केले आहे. मुद्रांक पाचशेचा असो वा पाच हजारांचा, त्यावर नोटरीचा शिक्का असो वा नसो, त्यामुळे अल्पवयीन मुलाची सही बंधनकारक होत नाही. हे ऐकून अनेक पालकांना हायसे वाटते आणि ते बेफिकीर होतात. तसे होऊ नये, कारण हा नियम दोन्ही बाजूंनी कापतो. चाळीसच्या दशकात मुंबई उच्च न्यायालयात राज रानी विरुद्ध प्रेम अदीब हा खटला चालला होता. एका अल्पवयीन अभिनेत्रीच्या वतीने तिच्या वडिलांनी चित्रपट निर्मात्याशी करार केला होता, निर्मात्याने तो मोडला आणि मुलीने नुकसानभरपाई मागितली. तरीही करारच रद्दबातल ठरल्यामुळे तिला ती मिळू शकली नाही. म्हणजे अकादमी मुलाला त्याच्या सहीवरून अडकवू शकत नाही हे जितके खरे, तितकेच मुलाला कबूल केलेले पुढच्या तीन वर्षांचे पैसे कोर्टातून वसूल करणे अवघड आहे, हेही खरे. म्हणून भविष्यातल्या मोठ्या आकड्याला भुलण्यापेक्षा या हंगामात प्रत्यक्ष काय मिळणार आहे, ते कोणत्या तारखेला मिळणार आहे आणि दुखापत झाल्यास उपचार, विमा व परत येण्याचा खर्च कोण करणार आहे, हे पाहावे. गुडघ्याचा लिगामेंट फाटल्यावर अकादमीने मुलाला रेल्वेत बसवून घरी धाडल्याचे मी पाहिले आहे, आणि त्या करारात दुखापतीविषयी एक ओळही नव्हती.

खरा धोका मुलाच्या सहीत नसून पालकाच्या सहीत असतो. पालकाची सही नेमकी कोणत्या नात्याने घेतली जात आहे, हे शब्दशः तपासावे. ‘मुलाचे नैसर्गिक पालक म्हणून संमती’ एवढेच लिहिले असेल तर ती एक गोष्ट आहे. परंतु ‘मुलगा सोडून गेल्यास ही रक्कम मी स्वतः भरेन’ किंवा ‘जामीनदार’ असे शब्द असतील, तर सज्ञान माणसाने स्वतःच्या नावावर घेतलेली ती जबाबदारी ठरते आणि तिच्यासाठी त्याच्यावर दावा होऊ शकतो. कामठीच्या त्या कागदात तिसऱ्या पानावरचे कलम नेमके असेच होते. इंग्रजी नीट कळत नसेल तर मराठी किंवा हिंदी प्रत मागण्यात कमीपणा मानू नये, आणि जिल्हा न्यायालयातील एखाद्या वकिलाला तासाभराची फी देऊन तो कागद वाचून घ्यावा. तीन लाखांच्या जोखमीपुढे ती फी काहीच नाही.

करार व्यावसायिक खेळाडूचा असेल तर फिफाचे नियम पालकांच्या बाजूने उभे आहेत. अठरा वर्षांखालील खेळाडूला तीन वर्षांपेक्षा अधिक काळाचा व्यावसायिक करार करता येत नाही आणि त्याहून जास्त मुदतीचे कलम मान्य केले जात नाही. अठरा वर्षांखालील खेळाडूचे एका देशातून दुसऱ्या देशात हस्तांतरणही मोजके अपवाद वगळता होत नाही. त्यामुळे ‘पुढच्या वर्षी युरोपातल्या क्लबमध्ये नेतो’ असे सांगून पैसे मागणाऱ्या माणसाला तो कोणत्या अपवादाखाली नेणार आहे, हे लेखी विचारावे. बहुतेक वेळा पुढचा फोन येत नाही. एजंटच्या बाबतीत, त्याच्याकडे फिफाचा परवाना आहे काय ते पाहावे आणि अल्पवयीन खेळाडूशी संपर्क साधण्यापूर्वी पालकांची लेखी परवानगी घेणे त्याच्यावर बंधनकारक आहे, हे त्याला सुनावावे. मैदानाच्या कठड्याशी मुलाला एकट्याला गाठून त्याचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर घेणारा माणूस या नियमाबाहेर वागत असतो.

आणखी एका गोष्टीवर पालकांची सर्रास फसवणूक होते. मुलगा स्थानिक क्लब सोडून मोठ्या संघात निघाला की ‘आम्ही घडवला, एनओसीचे (ना हरकत प्रमाणपत्राचे) पैसे द्या’ अशी मागणी पालकांकडे केली जाते. लहान क्लबच्या मेहनतीचे मोल झालेच पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही. परंतु त्यासाठी प्रशिक्षण भरपाईची व्यवस्था आहे, तिच्यात बाराव्या वर्षापासूनच्या प्रशिक्षणाचा हिशेब होतो आणि ती रक्कम नव्या क्लबने जुन्या क्लबला द्यायची असते. पालकांच्या खिशाशी तिचा संबंध नाही. मात्र ही भरपाई मिळण्यासाठी कोणत्या हंगामात खेळाडू कोणत्या क्लबकडे होता याची नोंद असावी लागते, म्हणून अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत मुलाचे नाव, जन्मतारीख आणि क्लब बरोबर चढवले आहेत ना, हे दर हंगामाच्या सुरुवातीला पालकांनी स्वतः पाहावे. जन्मतारखेत कोणी ‘दोन वर्षे कमी करून देतो’ म्हटले, तर तेथून तत्काळ निघावे, कारण वयचोरीचा डाग मुलाच्या नावावर पडतो, सुचवणाऱ्याच्या नाही.

अमेरिकेतील कॉलेजच्या प्रस्तावाविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण मुले मोबाईलवर जे आकडे पाहतात ते दुसऱ्याच खेळाचे असतात. तिकडे फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून खेळला जाणारा खेळ, आणि आपल्या फुटबॉलला सॉकर म्हणतात. १ जुलै २०२१ पासून तेथील महाविद्यालयीन खेळांची नियामक संस्था असलेल्या एनसीएएने खेळाडूंना स्वतःचे नाव, छबी आणि ओळख वापरू देऊन पैसे मिळवण्याची मुभा दिली. त्यालाच एनआयएल म्हणतात. जून २०२५ मध्ये कॉलेज खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढलेल्या हाऊस खटल्यातील तडजोडीला न्यायालयाची मंजुरी मिळाल्यानंतर कॉलेजांना थेट खेळाडूंना पैसे देता येऊ लागले आणि २०२५-२६ साठी त्याची मर्यादा प्रत्येक कॉलेजमागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली. पण त्यातला मोठा वाटा हेल्मेटवाल्या फुटबॉलकडे आणि बास्केटबॉलकडे जातो. सॉकरमध्ये पूर्ण शिष्यवृत्ती दुर्मीळ असते. वरच्या श्रेणीतल्या पुरुष संघाला वर्षानुवर्षे संपूर्ण संघासाठी ९.९ शिष्यवृत्त्यांचीच मर्यादा होती आणि त्या खेळाडूंमध्ये वाटून दिल्या जात. तिसऱ्या श्रेणीत तर खेळासाठी शिष्यवृत्ती दिलीच जात नाही. म्हणून ‘शिष्यवृत्ती मिळाली’ एवढ्यावर पेढे वाटू नयेत. शिकवणी शुल्क, वसतिगृह, जेवण आणि विमा यांपैकी किती टक्के माफ झाले आणि उरलेले दरवर्षी किती रुपये घरातून जाणार, याचा हिशेब कागदावर मांडावा.

तेथे मुले दहावी-अकरावीतच एखाद्या कॉलेजला तोंडी होकार देतात आणि समाजमाध्यमांवर तो जाहीर करतात. हा होकार दोन्ही बाजूंना बंधनकारक नसतो : प्रशिक्षक बदलला, की जागा जाऊ शकते. ‘लेटर ऑफ इंटेंट’ या लेखी हमीपत्राची जुनी पद्धत २०२४ मध्ये बंद झाली असून आता आर्थिक साहाय्याचा लेखी करार हाच खरा कागद आहे. तोंडी शब्दाचे काय होते याचे उदाहरण म्हणून हेल्मेटवाल्या फुटबॉलमधील जेडेन रशादा या क्वार्टरबॅकचे (चाली रचणाऱ्या मुख्य खेळाडूचे) प्रकरण मी पालकांना आवर्जून सांगतो. कॅलिफोर्नियातल्या शाळेत शिकत असताना त्याने एका विद्यापीठाला दिलेला होकार बदलून फ्लोरिडा विद्यापीठ निवडले. तेथील समर्थकांच्या गटाने त्याच्याशी १ कोटी ३८ लाख ५० हजार डॉलरचा एनआयएल करार केल्याचे पुढे उघड झाले. तो करार काही आठवड्यांतच रद्द करण्यात आला, मुलगा दुसऱ्या विद्यापीठात गेला आणि २०२४ मध्ये त्याने न्यायालयात दावा दाखल केला. जेथे वकील, एजंट आणि कायदे सगळे हजर होते तेथे हे घडले, तर आपल्याकडच्या फोनवरच्या आश्वासनावर किती विसंबावे?

सॉकरच्या वरच्या श्रेणीत प्रशिक्षकाला साधारणपणे दहावीनंतरच्या १५ जूनपासूनच खेळाडूशी भरतीविषयी बोलता येते. त्यामुळे आठवीतल्या मुलासाठी ‘प्रशिक्षकाशी बोलणे झाले आहे’ असे सांगणाऱ्या सल्लागाराला पैसे देऊ नयेत. शिष्यवृत्तीच्या रकमेतून टक्केवारी मागणारा सल्लागार तर तेथील नियमांतच बसत नाही आणि त्याच्यामुळे मुलाची पात्रता धोक्यात येऊ शकते. तीन-चार मिनिटांची निवडक चित्रफीत, एका पूर्ण सामन्याचे चित्रण आणि मुलाने स्वतः लिहिलेला ईमेल, एवढे घरच्या घरी होते. अभ्यासाची बाजू मात्र आजच सांभाळावी, कारण वरच्या श्रेणीसाठी नववी ते बारावी या चार वर्षांतील १६ मुख्य विषयांचे गुण तपासले जातात आणि त्यात चारपैकी किमान २.३ गुणांक लागतो. आपल्याकडे नववीचे प्रगतिपुस्तक कोणी जपून ठेवत नाही. शाळेच्या शिक्क्यासह त्याची प्रत काढून ठेवावी.

तेथे पोहोचल्यावर जाहिरातीतून कमाई होईल, ही आशा बाळगणाऱ्या पालकांनी व्हिसाचा नियम समजून घ्यावा. आपली मुले एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जातात आणि त्या व्हिसावर कॉलेजच्या आवाराबाहेर परवानगीशिवाय काम करता येत नाही. सहखेळाडू अमेरिकी असेल तर तो बुटांच्या जाहिरातीसाठी मोकळेपणाने उभा राहतो. आपला मुलगा तेच करून व्हिसा गमावू शकतो. कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाचे आणि स्थलांतरविषयक वकिलाचे मत घेतल्याशिवाय एकाही करारावर सही करू नये.

नागपुरातच मिळणाऱ्या जाहिरातींचे प्रस्ताव लहान असतात, पण त्यांतले कागद अधिक ढिसाळ असतात. क्रीडासाहित्याचे दुकान दोन जोड बूट देते आणि बदल्यात मुलाचा फोटो ‘कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत’ वापरण्याचा हक्क लिहून घेते. तेथे ‘कायमस्वरूपी’ खोडून एक वर्ष लिहावे, माध्यमांची नावे घालावीत, इतर कोणाची जाहिरात करू नये ही अट शक्यतो मान्य करू नये, आणि शाळेचा किंवा क्लबचा गणवेश त्यांच्या परवानगीविना फोटोत येऊ देऊ नये. रीलवर ती जाहिरात असल्याचे स्पष्ट लिहावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ती करणाऱ्या व्यक्तीलाही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, म्हणून उंची वाढवणारी पावडर आणि हमखास निवडीचे क्लास यांना नकार द्यावा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमची जाहिरात तर कितीही रक्कम मिळत असली तरी करू नये. २०२५ च्या कायद्यात अशा जाहिरातीसाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

मिळालेली रक्कम प्रशिक्षकाच्या किंवा काकांच्या खात्यात न घेता मुलाच्या नावाच्या बँक खात्यातच घ्यावी आणि त्याचे पॅन कार्ड काढावे. अल्पवयीन मुलाचे उत्पन्न एरवी आई किंवा वडिलांच्या उत्पन्नात मिळवले जाते, पण स्वतःच्या कौशल्यातून त्याने कमावलेले उत्पन्न त्याचेच धरले जाते. त्या पैशांवरचे व्याज मात्र पालकाच्या उत्पन्नात येते. कापलेल्या टीडीएसचा तपशील जपून ठेवावा.

शेवटची बाब मूळ कागदपत्रांची. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जन्म दाखला आणि पासपोर्ट यांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात आणि पडताळणीसाठी मूळ प्रती दाखवून त्याच दिवशी परत घ्याव्यात. कामठीच्या त्या मुलाचा दहावीचा मूळ कागद अकादमीने चाचणीच्या वेळीच ठेवून घेतला होता. आम्ही बॉन्डवर वडिलांची सही होऊ दिली नाही, पाचऐवजी एका हंगामाचा आणि रकमेचे कलम वगळलेला मसुदा पाठवला, आणि त्याला उत्तर आले नाही. गुणपत्रिका मागणारे दोन ईमेल आणि एक नोंदणीकृत पत्र गेल्यावर ती कुरिअरने घरी आली. ती आली नसती तर राज्य मंडळाच्या नागपूर विभागीय कार्यालयात दुय्यम प्रतीसाठी अर्ज करण्याची तयारी आम्ही ठेवली होती. मुलगा यंदा बारावीत असून त्याच मैदानावर सकाळी साडेपाचला सरावाला येतो.