एकच वाक्य धरा: फॅमिली ग्रुपवर इतिहास-धर्मावरून जुंपते तेव्हा

आमच्या सासरच्या ग्रुपमध्ये एकसष्ट माणसं आहेत, अर्धी इथली इंदूरची, रामबाग, नारायणबाग, लोकमान्य नगरातली, बाकीची पुणे-बडोदा आणि तीन अमेरिकेत. सकाळी सुप्रभात, दुपारी कुणाच्या तरी नातवाचा व्हिडिओ, आणि रात्री जेवणं उरकली की सुरू. धर्म चांगला की वाईट, कम्युनिझमने किती माणसं मारली, हिटलर डावा की उजवा. मी बँकेत कॅश काउंटरवर बसते, इतिहास माझा बारावीपर्यंतचा, पहिल्यांदा बोलले तेव्हा एका भाऊजींनी लिहिलं होतं की वहिनी तुम्ही साबुदाण्याच्या खिचडीची रेसिपी टाका. ती टाकली पण, आणि वाद घालणंही सोडलं नाही. आता माझी धाकटी जाऊ मला पर्सनलवर विचारते, ताई ह्याला काय उत्तर देऊ, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

सगळ्यात आधी, अख्ख्या फॉरवर्डला उत्तर द्यायला जाऊ नका. नवीन माणूस इथेच फसतो. काकांनी बावीस ओळींचा मेसेज टाकला की जगातली सगळी युद्धं धर्मामुळे झाली, त्यात क्रुसेड म्हणजे ख्रिश्चनांची धर्मयुद्धं, औरंगजेब, आयर्लंड सगळं एकाच कढईत, आणि तुम्ही त्याला चव्वेचाळीस ओळींचं उत्तर देता, मग ते त्यातली तुमची सगळ्यात कच्ची ओळ उचलतात आणि फाटे फुटत फुटत साडेअकराला विषय काश्मीरवर. त्यापेक्षा एक वाक्य धरायचं. एकच. आणि तेही असं की ज्यात नाव, साल किंवा आकडा आहे, कारण 'धर्म वाईट' हे कुणालाच तपासता येत नाही, पण 'अमुक लढाई धर्मासाठी झाली' हे येतं.

त्या बावीस ओळींत युरोपातलं तीस वर्षांचं युद्ध होतं, १६१८ ते १६४८, कॅथलिक विरुद्ध प्रोटेस्टंट. मी तेवढीच ओळ कॉपी केली आणि विचारलं, काका, मग फ्रान्स कुणाकडून होता? कारण फ्रान्सचा राजा कॅथलिक, त्याचा कारभारी रिशल्यू तर चर्चचा कार्डिनल म्हणजे बडा धर्मगुरू, आणि तो पैसे पुरवत होता प्रोटेस्टंट स्वीडनला, १६३५ पासून तर फ्रान्स उघड उघड त्या बाजूने उतरला, का तर शेजारचं हाब्सबर्ग राजघराणं डोईजड झालं होतं आणि ते हाब्सबर्ग कॅथलिकच. काका म्हणाले, एखादा अपवाद असतोच. मग मी १२०४ काढलं, चौथं क्रुसेड निघालं होतं मुसलमानांशी लढायला आणि लुटून बसलं कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे ख्रिश्चनांचंच शहर. आता ह्यावरून धर्माचा संबंधच नव्हता असं होत नाही हां, हेही मी लगेच खाली लिहिलं, कारण तीस वर्षांचं युद्ध पेटलं ते धर्मावरूनच. पण काकांच्या वाक्यातला 'सगळी' हा शब्द गेला. मला तेवढाच घालवायचा होता.

दुसरं, शब्दाचा अर्थ आधी विचारून घ्या, नाहीतर दोन माणसं दोन वेगळ्या गोष्टींवर तावातावाने भांडत राहतात. सेक्युलर घ्या. फ्रान्समध्ये १९०५ च्या कायद्याने सरकार आणि चर्च वेगळं केलं, तिथे सेक्युलर म्हणजे सरकारने धर्मापासून लांब राहायचं. इंग्लंडमध्ये राजा स्वतः चर्चचा प्रमुख आहे, तरी रोजचं जगणं बऱ्यापैकी बिनधर्माचं. आपल्याकडे हा शब्द संविधानाच्या उद्देशिकेत आला १९७६ साली, ४२ व्या दुरुस्तीने, आणि आपलं सरकार देवस्थानंही चालवतं आणि यात्राही. मग 'सेक्युलॅरिझम फेल गेला' म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, यातलं कुठलं? हे टोमणा म्हणून नाही विचारायचं. खरंच विचारायचं, कारण निम्म्या वेळा तो म्हणतो तेच तुम्हालाही म्हणायचं असतं.

हिटलरचं भांडणही शब्दाचंच. त्याच्या पक्षाच्या नावात समाजवादी आहे ना, मग तो डावाच, हे आमच्या ग्रुपवर वर्षातून तीनदा येतं. नावावर भांडू नका. १९३३ साली काय केलं ते सांगा. मार्चमध्ये दाखाऊची छळछावणी उघडली तेव्हा पहिले कैदी मुख्यतः कम्युनिस्ट आणि सोशल डेमोक्रॅट, २ मे ला कामगार युनियनची ऑफिसं ताब्यात घेतली, पुढाऱ्यांना उचललं. आमचे सासरे आयुष्यभर मिलमध्ये युनियनचे, ते ग्रुपवर कधी बोलत नाहीत, त्या दिवशी एकच ओळ लिहिली, "युनियनला कुलूप लावणारा समाजवादी आमच्या खात्यात तरी नव्हता." विषय संपला.

मोठ्या माणसांच्या फोटोवर छापलेली वाक्यं हा वेगळाच उद्योग आहे. काउंटरवर पाचशेची नोट आली की मी आपोआप उजेडाकडे धरते, माणूस कितीही ओळखीचा असू दे. तेच इथे. वाक्याखाली नुसतं नाव आहे की पुस्तक आणि साल पण आहे? 'तुझं म्हणणं मला मान्य नाही पण ते म्हणण्याचा तुझा हक्क मी मरेपर्यंत जपीन', खाली नाव फ्रेंच विचारवंत व्हॉल्तेअरचं. छान आहे, पण व्हॉल्तेअर वारला १७७८ ला आणि हे वाक्य १९०६ मधलं, त्याच्यावर पुस्तक लिहिणाऱ्या एव्हलिन हॉल नावाच्या बाईंचं, त्याचा स्वभाव एका ओळीत सांगायला त्यांनी ते रचलं. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेतच्या नावावर फिरणारं 'ब्रेड नाही तर केक खा' पण तसंच. लेखक रूसोने ही गोष्ट कुठल्यातरी राजकन्येची म्हणून लिहिली तेव्हा मारी आंत्वानेत ऑस्ट्रियात होती आणि वय फारतर चौदा. तपासायची सोपी पद्धत सांगते, ते वाक्य सर्चमध्ये टाका आणि ते सगळ्यात जुनं कुठे सापडतं ते बघा, माणूस मेल्यावर शंभर वर्षांनीच पहिल्यांदा दिसत असेल तर नोट खोटी. आणि हे आपल्या बाजूच्या फोटोंना आधी लावायचं, समोरच्याच्या नंतर. आजकाल चॅटबॉटला विचारून उत्तर चिकटवतात त्यांनाही हाच नियम, पुस्तक कुठलं आणि साल कुठलं.

वाक्य खरं असलं तरी अर्धं असू शकतं. मार्क्सचं बघा, 'धर्म ही अफूची गोळी आहे'. बडोद्याचा दीर हे वाक्य धर्माला शिवी म्हणून टाकतो, काका ते मार्क्सला शिवी द्यायला टाकतात, आणि पूर्ण परिच्छेद दोघांनीही वाचलेला नाही. मार्क्सने हे लिहिलं १८४३-४४ च्या सुमाराला, तत्त्वज्ञ हेगेलवरच्या लेखाच्या प्रस्तावनेत, आणि त्याच्या जरा आधी तो म्हणतो की धर्म म्हणजे पिचलेल्या जीवाचा उसासा, निर्दय जगाचं हृदय. मग येते अफू. आणि त्यात 'गोळी' नाहीच, ती आपण मराठीत घातली. तेव्हा युरोपात अफू दुकानात औषध म्हणून मिळायची, दुखणं थांबवायला, म्हणजे त्याला नशाही म्हणायची असेल आणि वेदनाशामकही, दोन्ही एकदम.

आणि हे आपल्याला कळू नये? भिया (आम्ही इंदूरचे भाऊला असंच म्हणतो), आपण माळव्यातली माणसं. मंदसौर-नीमचला आजही सरकारी पट्ट्यावर म्हणजे परवान्यावर अफू पिकते, डोड्याला म्हणजे बोंडाला संध्याकाळी चिरा देतात आणि सकाळी चीक खरवडून घेतात. एकेकाळी ह्याच माळव्याची अफू इंदूरच्या व्यापाऱ्यांच्या हातून मुंबईला आणि तिथून चीनला जायची, कंपनी सरकारला स्वतःच्या बिहार-बंगालच्या अफूपुढे ही स्पर्धा नको होती, शेवटी थांबवता येईना म्हणून माल नेण्याच्या पासावर कर लावून बसले. पहिलं अफूयुद्ध १८३९ ते १८४२, मार्क्सचं वाक्य त्याच्या दोन वर्षांच्या आत. मी हे सगळं ग्रुपवर लिहिलं तर त्या रात्री मार्क्स राहिला बाजूला आणि आत्याबाई सांगायला लागल्या की त्यांच्या आजीच्या वेळी कामाला जाणाऱ्या बायका रडक्या पोराला राईएवढी अफू चाटवायच्या, पोर दिवसभर झोपायचं. दीर आणि काका दोघेही गप्प. मला तर वाटतं मार्क्सचा अर्थ त्या दोघांपेक्षा आत्याबाईंनीच नीट सांगितला.

आता माझी फजिती, कारण मी काही फार शहाणी नाही. चर्च आणि विज्ञानावर चाललं होतं आणि मी ठोकून दिलं, "गॅलिलिओला जिवंत जाळलं ना चर्चने!" भाचा अकरावीत आहे, त्याने सगळ्यांसमोर लिहिलं, मामी, जाळलं ते ब्रूनो नावाच्या विचारवंताला, १६०० मध्ये, गॅलिलिओवर १६३३ ला खटला झाला आणि तो मरेपर्यंत नजरकैदेत होता. भाऊजींचे हसणारे सात इमोजी. मी टाइप करायला घेतलं होतं की "तरी पण मुद्दा तोच आहे ना", मग पुसलं. चूक मान्य करायची तर त्यात 'पण' घालायचा नाही, मी लिहिलं, "माझं चुकलं, भाचा बरोबर आहे", आणि थांबले. मेसेज डिलीट फॉर एव्हरीवन तर अजिबात करू नका, एकसष्टमधल्या कुणीतरी स्क्रीनशॉट घेतलेला असतोच. गंमत म्हणजे त्यानंतर भाऊजी माझं जास्त ऐकायला लागले.

आकड्यांचं थोडक्यात. कुणी मेलेल्या माणसांचा आकडा टाकला की ह्यात कोण मोजलंय ते विचारा. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सरकारी चौकशी आयोगाचा आकडा पंधरा लाख, नंतरच्या अभ्यासकांचा तीस लाखांच्या आसपास, कारण दुष्काळानंतर रोगराईत मेलेले किती वर्षं धरायचे ह्यावर ते ठरतं. माओच्या चीनमधल्या १९५९-६१ च्या दुष्काळाचे अंदाज दीड कोटीपासून साडेपाच कोटींपर्यंत आहेत. समोरचा नेहमी वरचा आकडा घेतो, आपल्या बाजूचा खालचा. तुम्ही दोन्ही टोकं सांगा. आणि 'तुमच्यांनी जास्त मारले' ही स्पर्धा सुरू झाली की सरळ उठा, त्यात कुणीच जिंकत नाही, त्या मेलेल्यांचं तर कुणाला पडलेलंच नसतं.

धर्मावर बोलताना मी एक पथ्य पाळते, पुस्तकात काय आहे, राजाने काय केलं आणि शेजारची बाई काय करते ह्या तीन गोष्टी एका वाक्यात येऊ द्यायच्या नाहीत. आमच्या बँकेत एक बोहरी मैत्रीण आहे, ती एकदा म्हणाली, तुमच्या ग्रुपवरचे लोक मला माझा धर्म समजावतात, एकदा घरी जेवायला तर या. गेलो होतो. फॉरवर्डमधलं एकही वाक्य त्या ताटाभोवती लागू पडलं नाही.

रात्री दहानंतर उत्तर लिहायचं पण पाठवायचं नाही, सकाळी पोहे-जिलेबी पोटात गेल्यावर वाचायचं, माझे निम्मे मेसेज तिथेच पुसले जातात. व्हॉइस नोटवर वाद घालणाऱ्याला उत्तर देऊ नका, सहा मिनिटांच्या बोलण्यातलं वाक्य धरणार कसं.

आणि काही विषय फोनवर काढायचेच नाहीत. आमच्याकडे तो म्हणजे पानिपत. नेपोलियनवर कुणाचं रक्त तापत नाही, पण पुण्याच्या भाऊजींनी "१४ जानेवारी १७६१ ला मल्हारराव होळकर पळाले" एवढं लिहिलं आणि इंदूरची सगळी बाजू ऑनलाइन. सदाशिवरावभाऊंनीच बायकांना घेऊन निघायला सांगितलं होतं, असं इकडून. शत्रूकडच्या नजीबखानाला आधी वाचवलं कुणी, असं तिकडून. दोन जण ग्रुप सोडून गेले, परत आणायला सासूबाईंना फोन करावे लागले. इथे वाक्य धरूनही उपयोग नाही, कारण हे वाक्य इतिहासाचं नाहीच, घराचं आहे. अशा वेळी एवढंच लिहायचं की भेटल्यावर बोलू, आणि खरंच भेटायचं.

भाऊजी डिसेंबरात आले तेव्हा आम्ही त्यांना रात्री सराफ्यात, इंदूरच्या खाऊगल्लीत नेलं. गरम गराडूवर, म्हणजे तळलेल्या कंदावर, जिरावन मसाला भुरभुरत सासरे म्हणाले, "बोला, आता पानिपत बोला, होळकरांच्या राजवाड्यापासून पाचशे पावलांवर उभे आहात." भाऊजी बोलले पण, चांगला पाऊण तास, मधे दोनदा भुट्ट्याचा कीस मागवला. कुणी कुणाचं ऐकलं नाही. बिल भाऊजींनी दिलं.