पोट तपासताना जांघेपर्यंत जा

इंटर्नशिपमध्ये मी गोव्यातल्या एका छोट्या रुग्णालयात होते. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, तिसऱ्या दिवशी सत्तरीतल्या एका आजी आल्या. उलट्या, पोट फुगलेलं, मधूनमधून कळा. ‘पोटांत दुखता’ यापलीकडे त्या काही सांगेनात. घरचे म्हणाले, सणाचं जेवण बाधलं. मीही तेच लिहिलं आणि सलाइन लावलं.

रात्री उलटीला शेणासारखा वास यायला लागला, तेव्हा पुन्हा पोटावर हात ठेवला आणि पहिल्यांदाच परकराची नाडी सैल केली. उजव्या जांघेत सुपारीएवढी गाठ. दुखरी, आत न सरणारी. फिमोरल हर्निया, म्हणजे मांडीच्या वरच्या टोकाशी असलेल्या वाटेतून आतडं बाहेर येणं. ही वाट अरुंद असल्यामुळे त्यात आतडं चटकन आवळतं, आणि वयस्कर बायकांत तो हमखास नजरेतून सुटतो. माझ्याही सुटला होता, सहा तास.

नाकातून नळी घातली, लघवीची नळी घातली, १०८ रुग्णवाहिका बोलावली आणि गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, मीच सोबत गेले. ऑपरेशनमध्ये आतड्याचं वेटोळं काळं-निळं दिसलं. ते सोडवून त्यावर गरम सलाइनमध्ये भिजवलेला मॉप, म्हणजे कापडाची घडी, ठेवला आणि सगळे थांबलो. रंग परतला, आतडं हलायला लागलं की ते वाचतं. इथे रंग परतला नाही. तेवढा तुकडा कापून टोकं जोडावी लागली. आजी बऱ्या होऊन घरी गेल्या, पण ती थांबलेली मिनिटं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

तुम्ही नवे डॉक्टर म्हणून कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, पहिल्यांदा उभे राहाल तेव्हा पोट दोन्ही जांघांपर्यंत उघडं करून बघा. आडोसा करा, परवानगी घ्या, पण बघा. मुलगा असेल तर वृषणंही: लाजेपोटी तो फक्त ‘पोट दुखतं’ म्हणतो, आणि पीळ पडलेलं वृषण वाचवायला हातात जेमतेम सहा तास असतात. मूल होण्याच्या वयातली बाई असेल तर लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट, पाळी चुकली नाही असं ती म्हणाली तरी. बेंबीच्या वर दुखत असेल तर ईसीजी, कारण ते दुखणं हृदयाचंही असू शकतं. वेदनाशामक द्यायला घाबरू नका. त्याने निदान झाकलं जातं ही जुनी समजूत आहे.

आणि दोन तासांनी परत जा, त्याच हाताने तपासा. अपेंडिक्सचं दुखणं बेंबीभोवती सुरू होऊन उजवीकडे खाली उतरतं. हे उतरणं एका तपासणीत दिसत नाही.