गेम अ‍ॅनिमेटर व्हायचंय? आधी कॅरॅक्टर चालवायला शिका
बऱ्याच जणांना वाटतं की आधी महागडं सॉफ्टवेअर घ्यावं लागेल, पण तसं काही नाहीये, ब्लेंडर हे थ्रीडी अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर २००२ पासून ओपन सोर्स आहे, फुकट आहे, तेच टाका आणि एखादं तयार रिग (आत सांगाडा बसवलेलं, हलवता येणारं कॅरॅक्टर) घेऊन २४ फ्रेमची, म्हणजे २४ चित्रांची, वॉक सायकल करा, म्हणजे परत परत चालवता येणारी दोन पावलं. फ्रेम १ ला टाच टेकते, ४ ला गुडघा वाकून अंग खाली जातं, ७ ला मागचा पाय शेजारून पुढे येतो, १० ला अंग वर, आणि १३ पासून हेच दुसऱ्या पायाने. टेकलेला पाय घसरतोय का ते नीट बघा, नवख्यांचं तिथेच फसतं.

मग तलवारीचा वार करा. सिनेमात वाराआधी हात मागे न्यायला मस्त वेळ घेता येतो, पण गेममध्ये बटण दाबलं की लगेच हालचाल दिसली पाहिजे, म्हणून हिरोची ती तयारी दोन-चार फ्रेममध्ये उरकायची आणि तलवारीचं वजन दाखवायचं ते वार झाल्यावर, तोल सावरताना. मला तर हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो.

शोरील, म्हणजे काम मिळवायला दाखवायचा तुमच्या कामाचा व्हिडिओ, छोटी ठेवा, भारी काम पहिलं, कच्चं काम टाकूच नका प्लीज. आणि जमलं तर तेच कॅरॅक्टर युनिटी किंवा अनरियल या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून खेळताना दाखवा.