अतिक्रमणाच्या नोटिशीसोबत कॅव्हेटही लावा
ग्रामपंचायत महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ खाली रस्त्यावरचं अतिक्रमण काढायची नोटीस देते, समोरचा कोर्टातून एकतर्फी (पंचायतीचं न ऐकताच दिलेला) मनाई हुकूम आणतो आणि काम अडकतं.

१. नोटीस बजावतानाच दिवाणी न्यायालयात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ प्रमाणे कॅव्हेट, म्हणजे 'आमचं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका' असा आगाऊ अर्ज, दाखल करा. मग पंचायतीला कळवल्याशिवाय सहसा मनाई मिळत नाही.
२. कॅव्हेटची नोटीस अतिक्रमण करणाऱ्याला पोहोचपावतीसह नोंदणीकृत स्पीड पोस्टाने पाठवा (वेगळी रजिस्टर पोस्ट सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली). पोस्टाची पावती लगेच फाइलीत टाचा, ऐनवेळी हीच सापडत नाही.
३. ठरावाची नक्कल, मोजणी नकाशा, पंचनामा वकिलांकडे आधीच द्या. माझ्या मते ठरावावरची तारीख आणि सह्या सरपंचांनी स्वतः तपासाव्यात.

कॅव्हेट दाखल तारखेपासून ९० दिवसच चालतं. मुदत संपण्याआधी नवं दाखल करा.