शंकेला कैफियत द्या : सोलापुरातून लॉ फर्मला अर्ज करताना

लॉ फर्मला अर्ज करायचा म्हटलं की पोटात गोळा येतो, यावर 'स्वतःवर विश्वास ठेव' हा सल्ला मला कधीच पटला नाही. विश्वास ठेवायला काहीतरी हाताशी लागतं. मी अशोक चौकाकडची, कापडाचे माग असलेल्या घरातली. घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि इंग्रजी फक्त पेपरपुरतं. आता मुंबईतल्या एका फर्मच्या रिअल इस्टेट टीममध्ये आहे, आणि इंटर्नशिपसाठी आलेले अर्ज चाळायचं कामही माझ्याकडे येतं. त्यामुळे अर्ज करणाऱ्याची धास्ती मला ठाऊक आहे, आणि अर्ज वाचणाऱ्याची घाईसुद्धा. गावाकडून ओळखीतल्या मुलामुलींचे फोन येतात. बहुतेकांचं गाऱ्हाणं एकच: "ताई, मेल लिहून ठेवलाय, पण पाठवायला हात होईना झालाय."

माझं म्हणणं असं, की मनातली शंका सगळी खोटी नसते. तिच्यात थोडं खरं असतं, थोडं फुगवलेलं असतं आणि बरंचसं मोघम असतं. आपण सगळं एकगठ्ठा धरतो, म्हणून ती अंगावर येते. आपण कायदा शिकलोय. मग अंगावर आलेल्या दाव्याचं जे करतो तेच इथं करायचं. कैफियत द्यायची, म्हणजे दाव्याला प्रतिवादी देतो ते लेखी उत्तर.

दिवाणी प्रक्रिया संहितेची ऑर्डर ८ आठवा. दाव्यातलं प्रत्येक विधान एकेक करून घ्यायचं: मान्य, अमान्य किंवा माहीत नाही. रूल ४ म्हणतो, उडवाउडवीचा नकार चालणार नाही. रूल ५ तर आणखी कडक: जे स्पष्टपणे नाकारलं नाही ते मान्य समजलं जाईल. शंकेच्या बाबतीत आपण नेमके इथंच हरतो. नाकारतही नाही, तपासतही नाही, नुसते बसून राहतो. मग मन सगळं कबूल धरून मोकळं होतं. कोर्ट कैफियतीला ३० दिवस देतं. तुम्ही एका संध्याकाळी उरका, आणि कागदावरच लिहा. मोबाइलवर लिहिलेलं आपण फारसं मनावर घेत नाही.

होटगी रोडच्या एका मुलीने लिहिलेला कागद तिच्या परवानगीने सांगते. शंकेने तिच्यावर लावलेल्या दाव्यात सहा कलमं होती. इंग्रजी कच्चं आहे. कॉलेजचं नाव मुंबईत कुणाला माहीत नाही. घरात वकील नाही, ओळख नाही. एनएलयूची (राष्ट्रीय विधी विद्यापीठांतली) मुलं माझ्यापेक्षा हुशार आहेत. मुलाखतीत बोबडी वळणार. आणि शेवटचं: मी या लायकीचीच नाही.

आम्ही दोघी फोनवर बसलो. कॉलेजचं कलम मान्य. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, ते बदलणारही नाही. मग त्यावर झोप कशाला घालवायची? ओळखीचं कलमही मान्य, पण त्यातून कामाची गोष्ट निघाली. मोठ्या फर्म्स नवी मुलं बरीचशी ठरावीक कॉलेजांच्या कॅम्पसमधून उचलतात. बाकीच्यांसाठी खरा रस्ता इंटर्नशिपचा: काम दाखवायचं आणि पुन्हा बोलावणं येईल असं करायचं. म्हणजे तिचा पहिला अर्ज नोकरीचा नव्हे, इंटर्नशिपचा हवा. एनएलयूच्या मुलांबद्दल तिने लिहिलं, "माहीत नाही, वादीने काटेकोरपणे सिद्ध करावे." हे मला फार आवडलं. कारण ती त्यातल्या एकालाही भेटलेली नव्हती. बोबडी वळण्याचं कलम तर फेटाळण्याजोगंच. जे घडलंच नाही त्यावर दाव्याला कारण कसं उत्पन्न होईल? हां, घडू नये म्हणून तयारी करता येते, ते पुढे सांगते.

इंग्रजीवर मात्र आम्ही बराच वेळ घालवला. कारण 'कच्चं' म्हणजे नक्की काय? बोलताना अडखळते, हे मान्य. लिहिता येत नाही, हे अमान्य. सिनिअरांकडे चेक बाऊन्सच्या (कलम १३८ च्या) नोटिसा तीच लिहीत होती आणि सिनिअर त्यात फार खाडाखोड करत नव्हते. मग काम उरलं फक्त बोलण्याचं. त्यावर माझा उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. सुप्रीम कोर्टाच्या एखाद्या निकालाचं पहिलं पान रोज सकाळी मोठ्याने वाचायचं आणि मग निकाल मिटून, त्यात काय झालं ते तीन-चार वाक्यांत इंग्रजीत सांगायचं. घरच्यांना ऐकू गेलं तर जाऊ दे. उच्चार साहेबी नसले तरी चालतात. वाक्य पूर्ण व्हायला हवं, एवढंच बघा.

लायकीच्या कलमाला उत्तर एकच: मोघम. कुठलं काम, कुठली लायकी, तपशील नाही. ही भावना नापासांनाच येते असंही नाही. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये यावर पहिल्यांदा लिहिलं, ते भरपूर शिकलेल्या, यश मिळवलेल्या बायकांना भेटून. हातात पदव्या असूनही 'आपलं पितळ कधीतरी उघडं पडणार' असं त्यांना वाटत होतं. तेव्हा हे वाटणं म्हणजे लायकी नसल्याचा पुरावा नव्हे.

आता सीव्ही. आपल्याकडची मुलं इथं स्वतःवर सर्वांत मोठा अन्याय करतात. 'सिनिअर वकिलांना कोर्टकामात मदत केली' असं लिहितात आणि सोडून देतात. वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. तुम्ही नक्की काय केलंत? चेक बाऊन्सच्या नोटिसा लिहिल्यात ना? मग तसं लिहा: नोटिशीचा मसुदा केला, बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून नोटिशीचे ३० दिवस, नोटीस मिळाल्यावर पैसे भरायचे १५ दिवस आणि त्यानंतर तक्रारीचा एक महिना, असा प्रत्येक प्रकरणाचा तारखांचा तक्ता ठेवला. चादर-टॉवेलच्या व्यापारामुळे अशी प्रकरणं आपल्या कोर्टात ढिगाने असतात. मुदती काटेकोर मोजणारा माणूस फर्मला हवाच असतो.

सर्च रिपोर्टचं, म्हणजे जमिनीच्या मालकीच्या तपासणीचं, तर विचारूच नका. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बसून तीस वर्षांचं इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्तांची सूची) चाळलंय, तलाठ्याकडून जुने फेरफार काढलेत, ते हस्ताक्षरातले फेरफार वाचता येतात, हे सगळं आपली मुलं 'किरकोळ काम' म्हणून गाळून टाकतात! माझ्या टीममध्ये रोज हेच लागतं. सोलर प्रकल्पासाठी जमीन घ्यायची असेल तर सातबारा उघडून कुणीतरी सांगावं लागतं की इतर हक्कांत काय नोंद आहे, भोगवटादार वर्ग २ (परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) आहे का, कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्या कंपनीला ही जमीन थेट घेता येईल का. मोठ्या शहरात वाढलेली, अतिशय हुशार मुलंही सातबारा पहिल्यांदा हातात आला की बावचळतात. एका अर्जात मी वाचलं होतं: 'गट नंबरच्या उताऱ्यावर वर्ग २ दिसल्यावर परवानगीची प्रत मागितली, ती मिळाली नाही, तसं रिपोर्टमध्ये नमूद केलं.' बस्स, एवढंच वाक्य. तो अर्ज मी बाजूला काढून ठेवला. त्या मुलाचं कॉलेज कुठलं, हे मी नंतर पाहिलं. (तेलुगू किंवा कन्नड येत असेल तर तेही लिहा. अक्कलकोट रस्त्याने पुढे गेलं की कर्नाटक लागतं, आणि तिकडचे कागद कन्नडमध्ये असतात.)

बार कौन्सिलच्या नियमांनुसार पाच वर्षांच्या कोर्सला किमान २० आठवडे आणि तीन वर्षांच्या कोर्सला १२ आठवडे इंटर्नशिप लागतेच. ती केवळ सर्टिफिकेटपुरती उरकू नका. रोज संध्याकाळी दोन ओळी टिपून ठेवा, सीव्ही लिहिताना त्याच कामाला येतात.

मेल पाठवताना हात थांबतो, त्यावरचा तोडगा साधा आहे: लिहायचा दिवस वेगळा आणि पाठवायचा दिवस वेगळा. रात्री लिहा, सकाळी एकदा वाचा, फर्मचं नाव बरोबर आहे ना बघा आणि पाठवा. एका फर्मच्या मेलमध्ये दुसऱ्या फर्मचं नाव राहिलेले अर्ज नेहमी येतात. सीव्ही एका पानाचा असावा, पीडीएफमध्ये, फाइलला स्वतःचं नाव. मेल पाच-सहा वाक्यांचा: कोण, कुठल्या वर्षाला, कुठल्या महिन्यात येऊ शकता, कुठल्या टीममध्ये आणि का. हल्ली एआयकडून लिहून घेतलेली पत्रं येतात. सगळ्यांची पहिली ओळ सारखीच असते आणि सगळ्यांना आमच्या फर्मबद्दल 'नितांत आदर' असतो. वाचणारा माणूस तिथंच कंटाळतो.

मग येते शांतता. उत्तर येतच नाही. या शांततेने माणूस नकारापेक्षा जास्त खचतो, आणि तिचा अर्थ लावायच्या भानगडीत पडू नये असं मला वाटतं. पाठवलेला अर्ज वाचलाच गेला असेल असं नाही. जागा भरल्या असतील, मेल भलत्याच इनबॉक्समध्ये पडला असेल. वकिलाची डायरी असते ना, तीच घ्या आणि अर्जाची नोंद करा: फर्म, कुणाला पाठवला, काय झालं आणि पुढची तारीख. पुढची तारीख साधारण दोन आठवड्यांनंतरची. त्या दिवशी दोन ओळींची एक आठवण पाठवा, आणखी नको. मधल्या काळात इनबॉक्स उघडून बघत बसायचं नाही, कारण तारीख अजून लागलेली नाही. आणि एका वेळी एकच अर्ज करून वाट बघत बसू नका. एकाच अर्जावर जीव टांगला की तो नकार आभाळाएवढा होतो.

मुलाखतीचं बोलावणं आलं तर प्रवासाचं आधी ठरवा. सकाळची वेळ असेल तर वंदे भारतचा विचार सोडा. ती सोलापुरातून पहाटे निघाली तरी मुंबईत पोचेपर्यंत दुपार होते. आदल्या रात्रीची सिद्धेश्वर धरा, किंवा एक दिवस आधीच जाऊन नातेवाइकांकडे टेका. सीएसएमटीला उतरून लोअर परळला जायचं असेल तर स्लो लोकलने करी रोडला उतरा, तिथून चालत जाता येतं. तिथल्या काचेच्या इमारती बघून दबून जायचं कारण नाही. कमला मिल, फिनिक्स मिल ही नावं अजून तशीच आहेत. सगळी गिरण्यांची जमीन आहे ती. लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजी या गिरण्यांच्या गावातल्या, सोलापूरच्या माणसाला गिरणीचं आवार काय नवं?

खोलीबाहेर बसल्यावर हात गार पडतात, तोंड कोरडं पडतं, छाती धडधडते. शरीर धोका समजून अॅड्रेनलिन सोडतं, त्याचा हा परिणाम. त्याला थांबवायला गेलात तर ते वाढतं. श्वास चार अंकांत आत घ्या आणि सहा अंकांत सोडा, काही मिनिटं. सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा जास्त असला की ठोके उतरायला लागतात. चहा-कॉफी नको, पाणी घ्या. आणि पाठ केलेली उत्तरं त्या वेळी उगाळू नका.

सीव्हीवर जे लिहिलंय त्यातल्या प्रत्येक ओळीवर दोन प्रश्न येणार हे धरून चला. बाकी कायद्याचे प्रश्न बहुधा पायाचे असतात. समजा विचारलं, करारात दंडाची रक्कम लिहिली आहे, तेवढी पूर्ण मिळेल का? करार कायद्याचं कलम ७४ आठवलं, वाजवी भरपाई आणि लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा एवढं सांगितलं, तरी गाडी पुढे जाते. याच कलमावरचा २०१५ चा कैलाशनाथ असोसिएट्सचा निकाल आठवला तर उत्तमच. पण काहीच आठवलं नाही तर? तेव्हाचं वाक्य आधीच तयार ठेवा: "कलम आत्ता आठवत नाही, पण मी करार कायद्यात नुकसानभरपाईच्या प्रकरणात शोधेन, आणि आधी हे बघेन की प्रत्यक्ष नुकसान झालंय का." हे इंग्रजीत घोकून ठेवा, तोंडात बसेपर्यंत. नव्या मुलाला सगळं यावं अशी अपेक्षा कुणाची नसते. न येणाऱ्या गोष्टीपुढे तो काय करतो, हे बघतात. थापा मारल्या की पुढच्याच प्रश्नात कळतं.

घरच्यांचं थोडंसं. "फर्मबिर्म राहू दे, जेएमएफसीची परीक्षा दे," म्हणजे न्यायाधीश हो, हे बहुतेक घरांत ऐकायला मिळतं. २० मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर त्या परीक्षेलाही तीन वर्षांची वकिली लागते, हे नाना-अण्णांना शांतपणे सांगा. आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, सोलापूर जिल्हा त्यात येतो. मुंबईच्या फर्मने नाही म्हटलं तर काम संपलं असं मुळीच नाही. मला विचाराल तर काहींनी कोल्हापूरलाच जावं. तिथं उभं राहून बोलायला लवकर मिळेल.

एक गोष्ट वेगळी काढून सांगते. झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणंच नको वाटत असेल, तर ती मुलाखतीची धास्ती नव्हे. डॉक्टरकडे जा. टेलिमानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

मुलाखत झाली की बाहेर पडून आधी काहीतरी खाऊन घ्या, आणि गाडीत बसल्यावर विचारलेले सगळे प्रश्न डायरीत उतरवा. आपण काय उत्तर दिलं ते नको, फक्त प्रश्न. दुसऱ्या दिवशी दोन ओळींचा आभाराचा मेल करा. आणि प्रश्नांची ती यादी कॉलेजातल्या पुढच्या बॅचला देऊन टाका. एनएलयूच्या मुलांकडे अशा याद्या सिनिअरांकडून आपोआप येतात, आपल्याकडे त्या आपल्यालाच सुरू कराव्या लागणार.