घरच्या मॅकसाठी मोडेम आणि राउटर कसा निवडावा

दुकानात राउटर मागितला की समोरचा माणूस पहिल्यांदा विचारतो, "किती अँटेनावाला दाखवू?" मीही एकदा असाच सहा अँटेनांचा, पालथ्या खेकड्यासारखा दिसणारा राउटर घरी आणला होता. लाइन २०० एमबीपीएसची, पण मॅकवर वेग ९४ च्या वर जाईना. तीनदा तक्रार केली, तंत्रज्ञ दोनदा येऊन गेला, वायर बदलून झाली. शेवटी खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत सापडलं: पोर्ट १०० एमबीपीएसचे. टाकी मोठी, तोटी अर्ध्या इंचाची. वेग नव्वद-पंचाण्णवच्या आसपास अडून बसला, तर पहिला संशय पोर्टवर किंवा केबलवर घ्यायचा, हे तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलंय.

मॅकसाठी म्हणून वेगळा राउटर आता मिळत नाही. ॲपलने १९९९ मध्ये सुरू केलेली एअरपोर्ट ही स्वतःची मालिका २०१८ मध्ये बंद केली. आजचा कुठलाही राउटर मॅकला चालतो, त्याची सेटिंग्ज सफारीत किंवा फोनवरच्या ॲपमध्ये होतात. खोक्यावर छापलेल्यापैकी आपला मॅक किती वापरू शकतो, एवढंच शोधायचं.

भिंतीतून काय येतंय?

घरात बारीक वायर आणि तिच्या टोकाला हिरवा किंवा निळा चौकोनी कनेक्टर असेल तर ते फायबर. ती वायर ज्या डब्यात जाते तो ओएनटी. बाहेरून आलेली लाइन घरात वापरता येईल अशी करून देणं हे त्याचं काम, म्हणून आपण सवयीने त्यालाच मोडेम म्हणतो; ती लाइन घरभर वाटतो तो राउटर. हा डबा कंपनीच्या यंत्रणेत नोंदवलेला असतो, त्यामुळे बाजारातून दुसरा आणून लावला आणि चालला, असं सहसा होत नाही. म्हणजे फायबरवाल्यांसाठी मोडेम निवडायचा प्रश्न जवळजवळ मिटलेलाच. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरची जुनी लाइन असेल तर एडीएसएल किंवा व्हीडीएसएल मोडेम लागेल, कोणता ते लाइन देणाऱ्यालाच विचारा. आणि इमारतीतल्या स्विचवरून केबलवाल्याने थेट लॅन केबल घरात आणली असेल, तर मोडेम लागतच नाही. ती राउटरच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरच्या लाइनसाठीच्या भोकात, खोचायची.

कंपनीच्या ओएनटीत बहुतेक वेळा वायफायही असतं. वन बीएचकेमध्ये तेवढं पुरतं, उगाच खर्च करू नका. स्वतःचा राउटर लावायचाच असेल तर आधी कंपनीला तीन गोष्टी विचारा: ओएनटी ब्रिज मोडवर टाकून मिळेल का (म्हणजे तो लाइन फक्त पुढे देईल, राउटरचं काम करणार नाही), पीपीपीओईचं (कंपनीच्या लाइनवर लॉगिन करायच्या पद्धतीचं) युजरनेम-पासवर्ड काय, आणि व्हीलॅन क्रमांक (कंपनीने लाइनला दिलेला खुणेचा आकडा) लागतो का. ब्रिज मोडला नकार मिळाला तर नवा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर, म्हणजे फक्त वायफाय देण्यापुरता, चालवा आणि ओएनटीचं वायफाय बंद करा. नाहीतर दोन डबे एकाच वेळी राउटरचं काम करत बसतात आणि घरातला प्रिंटर एका मॅकला दिसतो, दुसऱ्याला नाही.

मग मॅकलाच विचारा

ऑप्शन की दाबून धरा आणि वरच्या पट्टीतल्या वायफायच्या चिन्हावर क्लिक करा. एरवी लपलेली माहिती उघडते. 'फाय मोड'पुढे ८०२.११एसी असेल तर सध्याची जोडणी वायफाय ५ ची, ८०२.११एएक्स असेल तर वायफाय ६ ची. मात्र जुन्या राउटरशी जोडलेला नवा मॅकही इथे जुनाच आकडा दाखवतो, म्हणून मॉडेलही बघा. २०१३ नंतरचे बहुतेक इंटेल मॅक वायफाय ५ वर थांबलेत. ॲपलच्या एम१ चिपचे सगळे मॅक आणि एम२ चा मॅकबुक एअर वायफाय ६ चे. २०२३ पासूनच्या मॅक मिनी, मॅकबुक प्रो वगैरेंमध्ये ६ई आलं, म्हणजे वायफायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांखेरीज ६ गिगाहर्ट्झचा पट्टाही वापरायची सोय आली.

पैसे वाचतात ते इथे. राउटरच्या जाहिरातीत १६० मेगाहर्ट्झ रुंद चॅनेलचं कौतुक असतं (चॅनेल जितकं रुंद, तितका वेग जास्त), पण वरचे सगळे मॅक ५ गिगाहर्ट्झवर ८० मेगाहर्ट्झपर्यंतच जातात. वायफाय ६ च्या मॅकची जोडणी त्यामुळे तिथे फार तर १२०० एमबीपीएसची होते आणि प्रत्यक्ष वेग त्याहून बराच खाली राहतो. घरात एम१ एअर आणि एखादा जुना आयमॅक असेल, तर दोन पट्ट्यांचा, गिगाबिट (१००० एमबीपीएस) पोर्टचा साधा वायफाय ६ राउटर भरपूर झाला. तीन पट्ट्यांच्या महागड्या वायफाय ७ राउटरवर तोच मॅक वेगळं काही करून दाखवणार नाही. ६ गिगाहर्ट्झसाठीच जास्त पैसे मोजणार असाल, तर तुम्ही घेताय त्या मॉडेलमध्ये भारतात तो पट्टा चालू आहे का, हे विचारून घ्या.

भिंती मोजा

त्याच ऑप्शनवाल्या यादीत 'आरएसएसआय' म्हणून सिग्नलची ताकद सांगणारा उणे आकडा असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. लॅपटॉप हातात घेऊन घरभर फिरा. उणे ५० च्या आसपास उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५ च्या पलीकडे रडगाणं सुरू. आमच्याकडे हॉलमध्ये उणे ४८ होता, मधली नऊ इंची भिंत ओलांडली की उणे ६६, आणि बेडरूममधल्या लोखंडी कपाटामागे उणे ७९. राउटर टीव्हीच्या मागून काढून पॅसेजमधल्या लॉफ्टच्या कडेवर ठेवला आणि कपाटामागचा आकडा उणे ६८ वर आला. खर्च शून्य. हा प्रयोग न करता नवा राउटर घेऊ नका.

जागा बदलूनही भागलं नाही, किंवा घर दुमजली असेल, तर मेश संच, म्हणजे एकमेकांशी जुळून एकच वायफाय देणारे दोन-तीन डबे, घ्या. दोन डब्यांमध्ये कॅट ६ लॅन केबल टाकता आली तर फारच उत्तम. पुष्कळ नव्या इमारतींत भिंतीतून लॅनची नळी आधीच टाकलेली असते आणि कुणी उघडूनही बघत नाही. वायफाय पुढे ढकलणाऱ्या स्वस्त रिपीटरच्या फंदात शक्यतो पडू नका. आणि जो मॅक जागचा हलत नाही त्याला केबलच लावा: मॅक मिनीला पोर्ट असतो, मॅकबुकला यूएसबी-सी ॲडॅप्टर लागतो.

जोडल्यावर

नवा राउटर लावूनही इंटरनेट येत नसेल, तर बहुधा कंपनीकडे जुन्या राउटरचा मॅक ॲड्रेस बांधलेला आहे. या मॅकचा आपल्या मॅकशी काही संबंध नाही, तो प्रत्येक नेटवर्क यंत्राचा ओळख क्रमांक. फोन करून "मॅक अनबाइंड करा" सांगायचं. मी "घरात दोन मॅक आहेत" म्हणालो, तर पलीकडचा मुलगा दोन्हींचे नंबर लिहून घ्यायला बसला.

सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए३ निवडा. जुनी यंत्रं अडली तर डब्ल्यूपीए२ आणि ३ चा मिश्र पर्याय. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव ठेवा, मॅक योग्य पट्टा स्वतः निवडतो. २.४ गिगाहर्ट्झची चॅनेल रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा, सोसायटीत शेजारच्यांची पंधरा नेटवर्कं दिसत असताना तर नक्कीच. प्रिंटर गेस्ट नेटवर्कवर टाकू नका, एअरप्रिंटला तो दिसणार नाही. राउटरला यूएसबी पोर्ट आहे म्हणून टाइम मशीनचा बॅकअप त्यावर होईल असं धरून चालू नका, खोक्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच. आणि लॅपटॉपला स्वस्तातला यूएसबी हब लावल्यावर वायफाय गळपटत असेल, तर हब लांब सरकवून बघा. यूएसबी ३ ची उपकरणं २.४ गिगाहर्ट्झवर गोंगाट करतात.

दुकानाची बदलून द्यायची मुदत संपायच्या आत चाचणी करा. मॅकमधलं टर्मिनल हे ॲप उघडून 'नेटवर्कक्वालिटी' हा शब्द इंग्रजीत सलग टाइप करा, मधला क्यू कॅपिटल. मॅकओएस मॉन्टेरेपासून ही सोय आत आहे. एकदा राउटरशेजारी, एकदा सगळ्यात लांबच्या खोलीत, आणि एकदा रात्री नऊला, सगळी इमारत नेटवर असताना.

वीज जात असेल तर ओएनटी आणि राउटर दोन्हींना पुरेल असा मिनी यूपीएस घ्या. घेण्याआधी दोन्ही ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण काही ९ व्होल्टचेही निघतात आणि पिन मात्र तीच बसते.