बरसीम कापायला आलं: आधी कडबा, मग घास

नोव्हेंबर सरत आलाय. ऑक्टोबरच्या मध्याला पेरलेलं बरसीम, म्हणजे थंडीतला हिरवा चारा (खाली त्यालाच घास म्हटलंय), आता पहिल्या कापणीला येईल. दरवर्षी याच दिवसांत सोलापुरातल्या मोहोळ-माढ्याकडं गाई-म्हशी फुगून दगावलेल्या पाहतो. चूक एकच. दूध वाढेल म्हणून सकाळी उपाशी जनावरापुढं कोवळा घास भाराभर टाकलेला, आणि मालदांडी ज्वारीचा कडबा गंजीत तसाच.

कोवळ्या बरसीममधली प्रथिनं कोठीपोटात (जनावराच्या पहिल्या, मोठ्या पोटात) भराभर विरघळतात आणि दाट फेस होतो. वायू फेसात अडकतो, ढेकर येत नाही, डावी भकाळी (बरगड्यांमागची खोलगट जागा) वर येते. फुफ्फुसं दबून जनावर काही तासांतच जातं. फुलोऱ्याआधीचा लुसलुशीत घास सगळ्यात वाईट.

म्हणून आधी कडबा, मग घास. मोठ्या जनावराला 4-5 किलोंपासून सुरुवात करा, 8-10 दिवसांत वाढवा, तेही कडब्याच्या बारीक कुट्टीत मिसळून. शेळ्या-मेंढ्या घासात सोडायच्या तर आधी माळावर चारून आणा. दहिवर उडाल्याशिवाय विळा लावू नका; कापलेला घास दोन-तीन तास सुकू द्या. ढगाळ, दमट सकाळी जनावरं जास्त फुगतात असा माझा शिवारातला अंदाज आहे. अशा दिवशी मी घास निम्माच टाकतो.

दुकानात पाचक पावडर, दूधवाढीचं चाटण गळ्यात मारतील. त्या पैशात कडबा घ्या. उपाशीपोटी घातलेल्या घासावर असल्या पावडरीचा भरवसा धरू नका.

फुगलंच तर घास बंद करा, पुढचे पाय उंचावर येतील असं उभं करा. मोठ्या जनावराला शेंगदाण्याचं गोडं तेल 250-300 मिली हळूहळू पाजा. मान फार वर ओढू नका, ठसका लागून तेल फुफ्फुसात जातं. डॉक्टरांना लगेच बोलवा. घरी सुई खुपसू नका, फेसातला वायू तिनं निघत नाही.

बाकीची कामं:
- उशिरा पेरणी: आठवडाभरात उरका, एकरी 10-12 किलो बी, वाण वरदान किंवा मेस्कावी
- बी मिठाच्या पाण्यात टाकून तरंगणारं कासनी तणाचं बी काढा, मग साध्या पाण्यानं धुवा
- बियाला बरसीमचंच रायझोबियम (नत्र धरणारे जिवाणू) लावा, हरभऱ्याचं चालत नाही
- खत हेक्टरी: नत्र 20, स्फुरद 80, पालाश 40 किलो
- पाणी 8-10 दिवसांनी
- पहिली कापणी 45-50 दिवसांनी, पुढच्या 25-30 दिवसांनी

विळा लावायच्या आदल्या संध्याकाळीच गंजीतल्या पेंढ्या काढून कुट्टी करून ठेवा. सकाळच्या घाईत तेवढंच राहतं.